अर्धी हाक ऐकलेला वायरलेस

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा काळाभोर आणि चकचकीत होतो. आता खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले आहेत. पॅसिफिक महासागरातल्या किरिबाती देशात, एका अरुंद बेटावर, केवड्याच्या पानांनी शाकारलेल्या घरात मी फळीवर बसतो.

मासेमारीला गेलेल्या बोटींचे बोलणे घरी आणायचे आणि घरचे बोलणे बोटींपर्यंत न्यायचे, हे माझे काम. पण दोन्ही एकदम मला जमत नाही. बटण दाबले की मी बोलतो, सोडले की ऐकतो.

घरची सून कैतिनानो मला सांभाळायची. तिचा नवरा तोकाउआ डोळे मिचकावून म्हणायचा, "या घरात दुसऱ्याचं ऐकून घेणारा हा एकटाच!" मला फार अभिमान वाटायचा.

एका दुपारी त्याचाच आवाज आला. "इंजिन बंद पडलंय गं. प्रवाह पश्चिमेला ओढतोय."

पश्चिमेला फक्त पाणी. कैतिनानोने बटण दाबले. "नांगर टाकलास का?"

"तळच लागत नाही इथे. ऐक, तुला एक..."

पुढे नुसती खरखर.

गावच्या बोटी धावल्या, विमानही फिरले. काही सापडले नाही. कुणी म्हणाले, "अगं, वाहत गेलेले लोक परमुलखात जिवंत सापडलेत!" कुणी म्हणाले, "दुखवटा पाळ आणि मोकळी हो." दोन्ही ऐकून ती जास्तच घाबरायची.

भीती कशी असते ते मी तेव्हा पाहिले. कैतिनानो मला बंद करेना. बंद केले आणि नेमकी तेव्हाच हाक आली तर? चालू ठेवले की माझ्या प्रत्येक खरखरीला दचकायची. ताटातला मासा तसाच राहायचा. मीही भ्यालो होतो. एकदा फार अंधूक काहीतरी माझ्यात उमटून गेले. तो माणसाचा आवाज होता की दूरच्या विजेचा? मला आजही सांगता येत नाही.

मग एका सकाळी समुद्रावर काळा पाऊस उभा राहिला. तोकाउआचा धाकटा भाऊ इओतेबा आणि त्याची मुलगी बोटीवर होती. माझी खरखर वाढली, तशी कैतिनानोने झडप घालून बटण दाबले.

"तोकाउआ! तूच ना? बोल ना! काय सांगायचं होतं?"

ती बटण सोडेना. मी तिचे प्रश्न समुद्रावर फेकत राहिलो. बाहेरून कुणी हाक मारली असती, तरी मला कळली नसती. माझे अंग तापले. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

सासू रोतिया धावत आत आली. "सोड ते बटण!"

"आई, तो असेल..."

"असेल, नसेल! तुझ्या विचारण्यापायी दुसरं कुणी बुडायला नको. सोड!"

बटणावरचे तिचे बोट सैल पडले. आणि लगेच इओतेबा ओरडला, "वहिनी, किनारा दिसत नाही! पोर रडतेय. कुठे वळू?"

"इंजिन हळू ठेवा, भाऊजी. आम्ही किनाऱ्यावर जाळ करतो, तो दिसला की तिकडे वळा." एवढे बोलून तिने लगेच बटण सोडले.

रोतियाने हाका मारून गाव गोळा केले. वाळलेल्या झावळ्यांवर रॉकेल पडले, जाळ उठला. माझ्याजवळ कैतिनानो एकटीच कान देऊन बसली.

"दिसला! उजवीकडे दिसला!" इओतेबाचा आवाज आला.

बापलेक किनाऱ्याला लागली, तेव्हा कुठे कैतिनानो माझ्याजवळून उठली.

संध्याकाळी तिने विचारले, "आई, त्याला काय सांगायचं होतं हो?"

"ठाऊक नाही, पोरी. पोटचा मुलगा माझा, पण मलाही ठाऊक नाही."

इतक्या दिवसांत 'ठाऊक नाही' असे सरळ सांगणारे माणूस तिला पहिल्यांदाच भेटले. ती पुष्कळ रडली. मग सासूच्या ताटातच जेवली आणि तिने मला बंद केले.

भीती गेली नाही, मित्रांनो. वारा फिरला की ती अजून दाराशी येते. पण आता घरात जेवण शिजते, प्रार्थनेत तोकाउआचे नाव घेतले जाते आणि दुखवटा कुणी पाळत नाही. कैतिनानो निघणाऱ्या बोटींना 'कधी परतणार?' असे विचारत नाही. "पिण्याचं पाणी जास्त घेतलंत ना? वल्ही आहेत ना?" एवढेच विचारते.

माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि तुमच्या शेजारी कुणी असे वाट पाहत असेल, तर 'येईल' म्हणू नका, 'येणार नाही' असेही म्हणू नका. गरम जेवण घेऊन जा आणि थोडा वेळ जवळ बसा.