आत ओढलेला होकार

"तुला दम लागलाय का?" अँब्युलन्सवाल्याने दारातूनच विचारलं.

हेल्मरने हातातल्या झाऱ्याकडे पाहिलं, पातेल्यात फुगून वर आलेल्या बटाट्याच्या गोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही. तुला?"

प्रश्न रास्त होता. टोर्गनी नावाचा तो अँब्युलन्सवाला ऐंशी किलोमीटर बर्फातून गाडी हाणत आला होता आणि फाटकापासून दारापर्यंत पाठीवर ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन धावला होता. तो चौकटीला टेकला.

"दक्षिणेतून फोन आला. पोरगी रडायच्या बेतात. म्हणाली, मीरलिडेनमधला एक म्हातारा फोनवर घुसमटतोय. दोनदा घुसमटला. मग तिने विचारलं, श्वास घेता येतोय का? तर तिसऱ्यांदा घुसमटला."

"मी तिला हो म्हणत होतो."

"कसं हो?"

हेल्मरने करून दाखवलं. ओठांचा चंबू, हवा आत. श्युप्.

टोर्गनीने डोळे मिटले, पाठीवरचं नळकांडं उतरवलं आणि बूट काढून स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला.

"गोळे खाणार?" हेल्मरने विचारलं.

"श्युप्," टोर्गनी म्हणाला.

स्वीडनच्या उत्तर टोकाला 'हो' असंच म्हणतात. इतर जग होकार बाहेर टाकतं, इथे तो आत घेतात. का, ते कुणी विचारलेलं नाही. उणे तीसमध्ये तोंड उघडून ऊब बाहेर सोडणं परवडत नाही, असं हेल्मरचे वडील सांगायचे, पण त्यांना बाकीही बरंच काही परवडत नसे. अडचण एवढीच, की बदली कामगार बोलावण्याचं काम नगरपालिकेने ज्या कंपनीला दिलं होतं, ती देशाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथल्या फिलिप्पा नावाच्या पोरीने असा होकार जन्मात ऐकला नव्हता. तिने हेल्मरच्या नावापुढे नोंद केली: शिफ्ट नाकारली, कारण आजारपण. आणि मग, माणुसकी म्हणून, अँब्युलन्स पाठवली.

हेल्मर एकोणसाठचा होता. छत्तीस वर्षं तो लाकूड कारखान्यात करवतींना धार लावत होता. मग कारखाना बंद झाला आणि कारखान्यात धारदार म्हणून हेल्मर तेवढा उरला. आता तो बेकारभत्त्यावर होता आणि नगरपालिकेकडे तासांवर बदली होता. फोन आला की जायचं. शाळेत भांडी घासायची, वृद्धाश्रमात अंथरुणं बदलायची, कुणी मरायला टेकलं असेल तर उशाशी बसायचं, कारण नगरपालिकेच्या हद्दीत कुणी एकट्याने मरू नये असा ठराव होता. ठराव एकमताने झाला होता, माणसं मात्र कमी होती.

फोनवर नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणजे होती, पण पहिल्या 'नाही'ला पाच दिवसांचा भत्ता जाई, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचेचाळीस.

पंधरा दिवसांनी बेकारी निधीच्या कचेरीतून इंगेला नावाच्या बाईचा फोन आला. या देशात लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, त्यामुळे धमकीसुद्धा घरातल्यासारखी वाटते.

"हेल्मर, त्या दिवशी तू आजारी होतास का?"

"नाही."

"मग शिफ्ट का नाकारलीस?"

"नाकारली नाही."

"इथे लिहिलंय, आजारपणामुळे नकार. आता बघ, आजारी असशील तर त्या दिवसाचा बेकारभत्ता मिळत नाही, कारण आजारी माणूस बेकार नसतो, आजारी असतो. आणि आजारी नसशील तर नाकारायला कारणच उरत नाही. अँब्युलन्सचा अहवाल आहे माझ्याकडे. 'रुग्ण ठणठणीत. जेवण उत्तम.'"

हेल्मरला युक्तिवाद आवडला. दोन्ही बाजूंनी कापत होता, आणि धार एकसारखी होती.

"मी हो म्हटलं होतं," तो म्हणाला.

"आमच्याकडे ध्वनिमुद्रण आहे." तिने ते लावलं. फिलिप्पाचा आवाज आला, उद्या सहाची शिफ्ट घेशील का? मग श्युप्.

"हा," हेल्मर म्हणाला.

"काय हा?"

"हाच हो. पुढचा पण हो. तो जरा ठासून आहे."

"मला फक्त धाप ऐकू येतेय, हेल्मर."

"अगं, तुझं कुठलं गाव?"

"त्याचा इथे संबंध नाही. नॉरशोपिंग."

"दक्षिणेतलं. मग बरोबर."

इंगेला वाईट बाई नव्हती. तिने नियम उघडून वाचला. होकार तोंडी किंवा लेखी असावा.

"तोंडीच होता," हेल्मर म्हणाला.

"तोंडातून बाहेर यायला नको का?"

"असं लिहिलंय?"

तिने पुन्हा वाचलं. लिहिलेलं नव्हतं. पण गृहीत होतं. "या आवाजाचा अर्थ हो असतो, याचा काही पुरावा आहे का तुझ्याकडे?"

"त्यावर माझं लग्न लागलंय."

"लग्न?" इंगेलाने विचारलं.

"पाद्री दक्षिणेकडचा, उप्सालाचा होता," हेल्मर म्हणाला. "त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा म्हटलं. शेवटी गुनवोर त्याच्यावर डाफरली, अरे तो केव्हाचा हो म्हणतोय, तू पुढचं वाच."

"मग टिकलं?"

"चौतीस वर्षं. आता ती जाऊन सहा झाली."

इंगेलाने नाक ओढलं. क्षणभर हेल्मरला वाटलं ती हो म्हणाली. पण तिला सर्दी होती, किंवा काहीतरी.

"मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "पण 'श्युप्'ला आमच्या संगणकात रकाना नाही. नोव्हेंबरातला एक नकारही आहे तुझ्या नावावर, 'उत्तर दिलं नाही' म्हणून."

"तोही हो होता."

"असणार. पण दोन झाले, हेल्मर. तिसरा झाला तर पंचेचाळीस दिवस, आणि ते माझ्या हातात नाही. इथून पुढे बाहेर बोल."

पंचेचाळीस दिवस म्हणजे जानेवारी संपून मार्च उजाडेपर्यंत. तेवढे दिवस घर तापवणं भत्त्याशिवाय जमणार नव्हतं. न तापवलेल्या घरात इथे आधी पाण्याचे नळ फुटतात, मग भिंती फुगतात, आणि वसंतात मालक परततो तेव्हा घराच्या जागी एक ओली तक्रार उभी असते. मालकाने तोवर जायचं कुठे, तर वेस्तेरोसला बहिणीच्या सोफ्यावर. बहीण, माय-लीस, श्वास आत घेतानाही बोलते, बाहेर सोडतानाही बोलते. हेल्मरने ठरवलं की बाहेर बोलायला शिकायचं.

तो लाकडाच्या शेडमागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हो."

नीट जमलं नाही. घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "हो!" गोठलेल्या तळ्यापलीकडे कुत्रं भुंकलं. चौथ्या खेपेला शेजारची डाग्नी कुंपणाशी आली. सत्तरी उलटलेली, डोक्यावर नवऱ्याची शिकारीची टोपी.

"कुणाला एवढा होकार देतोयस?" तिने विचारलं.

"सराव चाललाय."

"लग्न करतोयस की काय?"

"कामासाठी. फोनवर बाहेर हो म्हणायला लागतं, नाहीतर पंचेचाळीस दिवस भत्ता बंद."

डाग्नीने विचार केला. "बाई विचारते ना फोनवर? मग मी विचारते. तू म्हण." तिने दक्षिणेतल्या पोरींसारखा आवाज काढला, तो मान धरलेल्या बदकासारखा निघाला. "हेल्मर, बाळा, उद्या येशील का कामाला?"

"श्युप्."

"मेलास!" डाग्नी म्हणाली. "पंचेचाळीस दिवस! पुन्हा."

आठवडाभर रोज सकाळी ती विचारायची आणि तो म्हणायचा. शुक्रवारी त्याने असा खणखणीत हो काढला की शेडवरचं बर्फ खाली आलं. डाग्नी टोपी झटकत म्हणाली, "आता भीती वाटते. काही विचारायची सोय राहिली नाही तुला."

सोमवारी फिलिप्पाचा फोन आला. वृद्धाश्रमात उशाशी बसायचं होतं, सात ते दोन. "हो!" हेल्मर म्हणाला. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"केवढ्यांदा!" फिलिप्पा म्हणाली. "म्हणजे, छान. थँक्यू. हेल्मर, त्या दिवसाबद्दल सॉरी हं. मला खरंच वाटलं तू मरतोयस."

"असू दे. अँब्युलन्सवाला जेवून गेला. फक्त आणखी नकार लिहू नकोस, भत्त्याशिवाय घर थंड पडून नळ फुटतील."

खोलीत रूट होती. चौऱ्याण्णव वर्षांची. एकतीस वर्षं तिने या पंचक्रोशीत टपाल वाटलं होतं. कुणाची पत्रं ती कधी वाचत नसे, पण आत काय आहे ते तिला ठाऊक असे. वाईट पत्र असलं की पेटीत न टाकता दार ठोठावायची, हातात द्यायची आणि उगाच अंगणातलं बर्फ लोटत रेंगाळायची. हेल्मरच्या वडिलांचं दवाखान्यातलं पत्र आलं त्या दिवशी तिने त्यांचं अख्खं अंगण साफ केलं होतं. याव्यतिरिक्त दोघांची ओळख नव्हती.

आता ती बोलत नव्हती. डोळे अर्धे मिटलेले. साडेनऊच्या सुमारास तिने हेल्मरच्या डाव्या हाताची दोन बोटं धरली आणि मग सोडली नाहीत. तो उजव्या हाताने कॉफी प्यायला, उजव्या हाताने पाव खाल्ला, उजव्या हाताने नाक पुसलं. बाराला परिचारिका सिव डोकावली.

"किती वेळ, काही सांगता येतं का?" हेल्मरने विचारलं.

"आजचा दिवस," सिव म्हणाली. "तुझं दोनला संपतं. पुढची येते साडेतीनला."

"मधे?"

"मधे वेळापत्रकात भोक आहे. मी येऊन बघेन. अकरा खोल्या आहेत माझ्याकडे, हेल्मर, आणि पाय दोन."

दोनला वीस मिनिटं कमी असताना खिशातला फोन वाजला. उजवा हात रिकामा होता म्हणून उचलता आला.

"हेल्मर! मस्त बातमी!" फिलिप्पा. "शाळेच्या स्वयंपाकघरात बाई उलटी होऊन घरी गेली. अडीच ते साडेसहा, भांडी. शाळा तुझ्या तिथून पाच मिनिटांवर, मी नकाशात बघितलं. घेतोस ना?"

हेल्मरने शाळेचं स्वयंपाकघर डोळ्यासमोर आणलं, वाफ सोडणारं भांड्यांचं यंत्र, माशांच्या तळणीची ओशट कढई. मग आपलं घर आणलं. मग माय-लीसचा सोफा आणला. तिन्ही नीट बघून झाल्यावर त्याने रूटच्या हाताकडे बघितलं. नखं कुणीतरी कापली होती, पण वाकडी.

"नाही," तो म्हणाला.

"हॅलो? आवाज कापला का?"

"नाही कापला. मी नाही म्हणालो."

फिलिप्पा हळू म्हणाली, "हेल्मर, हा तुझा तिसरा आहे. माझ्या स्क्रीनवर लाल दिसतंय."

"ठाऊक आहे."

"कारण तरी चांगलं दे. मला यादीतून निवडावं लागतं. आजारी आहेस?"

"नाही."

"गाडी बंद पडली? प्लीज म्हण, गाडी बंद पडली."

"चालू आहे. सकाळीच वायपर बदलले."

"जवळच्या नातेवाइकाचं काही? आई, वडील, बायको, मूल?"

"टपालवाली."

"टपालवालीचा पर्याय नाही इथे."

"मग इतर."

"इतरमध्ये तीसच अक्षरं बसतात."

"कमी लागतील. लिही, बसलोय."

तिने टाइप केल्याचं ऐकू आलं. मग थांबली. "मी एक करू शकते," ती घाईघाईने, आवाज खाली आणून म्हणाली. "मी लिहिते, लाइन खराब होती, उत्तर कळलं नाही. त्याला सहसा कुणी धरत नाही. तू तुझं ते केलंस असं समजू. ते आत ओढायचं."

हेल्मरने त्यावर खरोखर विचार केला. पोरगी चांगली होती, आणि शेजारी नळ ठिबकत होता, त्यामुळे विचार करणं सोपं जात होतं.

"नको," तो म्हणाला. "आजवर मी 'हो' म्हटलं ते तुम्ही 'नाही' म्हणून लिहिलंत. आज 'नाही' म्हणतोय ते तरी बरोबर लिहा."

"पण घर, हेल्मर? तू मागे म्हणालास, नळ फुटतील."

"नळ लोखंडाचे आहेत. बघू."

"बरं," फिलिप्पा म्हणाली. तिने नाक ओढलं. तिलाही सर्दी झाली होती. "कोण आहे रे ती?"

"रूट."

"तिला सांग, फिलिप्पाने नमस्कार सांगितलाय."

हेल्मरने रूटच्या कानाशी वाकून सांगितलं. दक्षिणेतल्या एका पोरीने नमस्कार सांगितलाय, असं. रूटची बोटं थोडी घट्ट झाली, किंवा त्याचा हात बधीर झाला होता म्हणून तसं वाटलं.

दोनला सिव तासांचा कागद घेऊन आली. हेल्मरने सही केली, चौदा वाजले असं लिहिलं. ती कागद घेऊन उभीच राहिली.

"शिफ्ट संपली," ती म्हणाली.

"हो," हेल्मर म्हणाला. ठरवून, बाहेर.

"मग तू आता इथे कोण आहेस? म्हणजे मला हरकत नाही. पण आगीची वगैरे नोंद असते. कामावर नसलेला माणूस खोलीत असला तर तो पाहुणा. पाहुण्याने वहीत लिहावं लागतं."

"आण वही."

ती गेली आणि वही घेऊन आली, सुतळीला बांधलेल्या पेनासकट. खोली सातचं पान उघडून तिने ते हेल्मरच्या गुडघ्यावर ठेवलं. जूनमध्ये पाद्री येऊन गेला होता. ऑगस्टात चष्मेवाला. त्याखाली पान कोरं होतं.

बाहेर निळसर उजेड उतरायला लागला होता. बर्फ लोटणारी गाडी रस्त्यावरून गेली आणि खिडकीची काच बारीक थरथरली. सिवने कोपऱ्यातला दिवा लावला, रूटची उशी जरा वर सरकवली, हेल्मरसमोर गरम कॉफीचा पेला ठेवला आणि आपल्या अकरा खोल्यांकडे गेली.

हेल्मरने उजव्या हाताने नाव लिहिलं, सावकाश, कारण वही धरायला दुसरा हात नव्हता. आल्याची वेळ लिहिली, चौदा. नातं या रकान्यात त्याने गावाचं नाव, मीरलिडेन, लिहिलं. शेवटचा रकाना होता, निघण्याची वेळ. तो तसाच सोडून त्याने पेन वहीत ठेवलं आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.