आबासाहेबांचं काम

"कट. चाचा, लई स्पष्ट आलं," दिग्दर्शक राजवीर म्हणाला.

पन्हाळ्याच्या वाटेवरच्या भाड्याच्या बंगल्यात शूटिंग चाललं होतं. सिकंदरभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते. मालिकेतल्या आबासाहेबांना लकवा झालेला. सून त्यांच्या उशाखालच्या किल्ल्या काढून घेते आणि ते म्हणतात, 'हे घर माझं आहे.' भाईंच्या वाट्याला तेवढं एकच वाक्य होतं. ते त्यांनी नीट, ओठ जुळवून म्हटलं होतं.

"स्पष्टच पायजे न्हवं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय चाचा. दवाखान्यातनं आल्यावर तुम्ही फोनवर बोललासा न्हवं माझ्याशी, तसं पायजे. निम्मं कळलंच नव्हतं मला. म्हणून तर तुमास्नी बोलावलं."

दारापाशी खुर्चीवर बसलेल्या जरीनानं, भाईंच्या बायकोनं, मान खाली घातली.

उचगावात भाईंचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. पण त्यांचा जीव कामात, म्हणजे नाटक-सिनेमातल्या कामात. चाळीसएक वर्षं कोल्हापुरात जे जे चित्रित झालं, त्यात कुठंतरी भाई असायचेच. सावकार, फौजदार, गुरव, मास्तर, दारुडा, एकदा तर नायिकेची आत्या. प्रत्येकाची चाल वेगळी, मान वेगळी, खोकलासुद्धा वेगळा. एकदा थिएटरात मध्यंतराला शेजारच्या माणसानं पडद्यावरच्या सावकाराला मनसोक्त शिव्या घातल्या आणि भाईंकडंच काडेपेटी मागितली. भाईंनी त्याची विडी पेटवून दिली आणि घरी येऊन जरीनाला दहादा सांगितलं. माणूस ओळखू आला नाही, म्हणजे काम जमलं, असं ते म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर गळून पडला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. महिन्याभरात फोन यायचे थांबले. क्रांती मॅडम म्हणून वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आरशासमोर गाल फुगवायला, ओठांत चमचा धरायला शिकवलं. जरीना समोर बसून म्हणायची, "पापड म्हणा." भाई म्हणायचे, "आअड." असं पावसाळाभर चाललं. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी त्यांनी आतून हाक मारली, "जरीना, चहा दे." जरीना दूध गॅसवर तसंच ठेवून न्हाणीत गेली आणि दार लावून घेतलं. दूध उतू गेलं.

त्यानंतर राजवीरचा फोन आला. जरीना म्हणाली होती, "त्यास्नी तुमचं वाकडं तोंड पायजे, तुम्ही न्हाय."

"तोंड माझंच हाय की," भाई म्हणाले होते.

आता त्यांनी डोळे मिटले. रोज उचलून उचलून जागेवर आणलेला उजवा गाल सोडून दिला. जीभ सैल केली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, ती पुसली नाही. सुनेनं किल्ल्या ओढल्या आणि त्यांच्या घशातून जे बाहेर आलं त्यात एकही अक्षर नव्हतं. कट झाला. लाइटवाला बाहीनं डोळे पुसत होता. राजवीरनं येऊन त्यांचे पाय धरले.

"चाचा, ह्याला म्हणत्यात ॲक्टिंग."

भाईंच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं समाधान होतं.

काम चार दिवसांचं होतं, ते वाढत गेलं. लोकांना आबासाहेब आवडले. भाई आरशासमोर बसेनासे झाले. चमचा भांड्यांत गेला. जरीनानं एक-दोनदा आठवण करून दिली, तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला.

क्रांती मॅडमनी तपासलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भाई, मागं गेलंय की हे. व्यायाम करताय न्हवं?"

भाईंनी मान डोलावली.

रिक्षात बसल्यावर जरीना म्हणाली, "खोटं का बोललासा?"

भाई काहीतरी म्हणाले. तिला कळलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा ते सावकाश, एकेक शब्द ढकलत म्हणाले, "तोंड सरळ झालं, की आबासाहेब मरणार."

"मरू द्यात की. तुम्ही बोलायला लागला होतासा."

"कुणाशी बोलू? हातानं सुईत दोरा जात न्हाय. सरळ तोंडाला कोण बोलवतंय?"

'माझ्याशी' असं जरीनाच्या ओठांवर आलं होतं. रिक्षा पुलावरून गेली, बाजूनं उसाचे ट्रॅक्टर गेले, तरी ते तिच्यानं म्हणवलं नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं बाजारात गेली. कोथिंबिरीची जुडी निवडताना भाजीवाली एकदम थांबली.

"आबासाहेब न्हवं का तुम्ही? टीव्हीतलं?"

बघता बघता चारजणं जमली. एकजण मोबाइल काढून फोटो घ्यायला लागला.

"आमच्या घरात समदी रडत्यात तुमास्नी बघून," भाजीवाली म्हणाली. मग जरा पुढं वाकून तिनं विचारलं, "खरंच लकवा हाय व्हय, का ॲक्टिंग?"

जरीना काही सांगणार होती. भाईंनी डाव्या हातानं तिला थांबवलं. पाठ ताठ केली. ओठ मिटले, गाल वर ओढायचा प्रयत्न केला, 'ॲक्टिंग' म्हणायला जीभ टाळूला लावून पाहिली. सगळे वाट बघत होते.

"आहिं," भाई म्हणाले.

"काय?"

"आ... हिं."

भाजीवालीनं टाळी वाजवली. "बया बया, बघा तरी. हुबेहूब करून दावलं की." माणसं हसली. तिनं कौतुकानं आणखी एक जुडी पिशवीत टाकली.

भाईही हसले. अर्धाच चेहरा हसला.

जरीनानं पिशवी उचलली आणि वळसा घालून त्यांच्या उजव्या अंगाला आली. गर्दीला त्यांचा तो गाल दिसू नये अशा बेतानं, त्यांना अगदी चिकटून ती चालू लागली.