सोड्याने घासलेली मोहोर

मी डालोनेगाची सोन्याची मोहोर बोलतेय. अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या डोंगरात, लाल मातीत माझं सोनं सापडलं आणि तिथल्याच टांकसाळीत माझा जन्म झाला. पुढे लढाई पेटली, टांकसाळ बंद पडली. माझ्या बहुतेक बहिणी वितळवल्या गेल्या. उरलो त्या दुर्मीळ ठरलो.

अनेक खिसे, अनेक कनवट्या पाहून मी हार्लन टिडवेलकडे आले. हा शाळेची बस चालवायचा. मला नेहमी कडेने धरायचा, बाळाला धरावं तसा. इतक्या वर्षांत माझ्या अंगावर तांबूस झाक चढली होती. नाणी जमवणाऱ्यांच्या लेखी तीच आमची अब्रू. ती घासली की मोहोर बाटली.

त्याची बायको व्हर्ना जवळ आली की तो म्हणायचा, "हात लावू नकोस." का, ते मात्र त्याने कधीच सांगितलं नाही.

दरवर्षी जत्रेतल्या प्रदर्शनात पहिल्या नंबरची निळी फीत मला मिळायची. हार्लनचा जिवलग मित्र लोमॅक्स प्रुइट, त्याची मोहोर दुसरी यायची. यंदा हार्लन खुब्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होता. तिथून तो थेट प्रदर्शनात येणार होता आणि मला व्हर्ना नेणार होती.

आदल्या दिवशी लोमॅक्स आला. स्वयंपाकघरात बसून व्हर्नाने केलेला मक्याचा पाव खाता खाता मला बघून म्हणाला, "अहो वहिनी, ही काय दशा! खायच्या सोड्याने घासा, लख्ख करा. हार्लन बघतच राहील."

"नको बाई. तो मला हात लावू देत नाही."

"त्याचं काय ऐकता! जन्माचा खडूस तो. मी सांगतोय ना?"

तिला ते पटलं. घरचाच माणूस तो. ती ब्रशने घासत गुणगुणत होती आणि मी आतल्या आत किंचाळत होते.

प्रदर्शनात हार्लन कुबड्या टेकत आला. त्याने भिंगातून मला पाहिलं आणि पांढराफटक पडला.

"कुणी केलं हे?"

"मीच," व्हर्ना हसत म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून चाचरली. "लोमॅक्सभावजी म्हणाले, सोड्याने..."

"मी?" लोमॅक्सने डोळे मोठे केले. "वहिनी, मी असं सांगेन? शाळेतलं पोरगंसुद्धा सांगणार नाही! मी म्हटलं, फडक्यात गुंडाळून न्या."

निळी फीत त्याच्या मोहोरेला लागली होती.

"तीस वर्षांचा दोस्त आहे तो माझा," हार्लन बायकोला म्हणाला. "चुकलीस तर चुकलीस. वर खोटं कशाला बोलतेस?"

व्हर्ना म्हणाली, "आणि मी कोण आहे रे तुझी?"

त्याने मला तिच्या हातात कोंबलं आणि तो कुबड्या टेकत निघाला.

आता मी तिच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये पडून आहे. या घरात दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. लोमॅक्स अजून रविवारी जेवायला येतो आणि व्हर्ना त्याला मुकाट्याने वाढते.

माझी अब्रू गेली, ती परत येणार नाही. मला मखमलीवर बसवू नका. पण माझं हे बोलणं कुणाला ऐकू येत असेल, तर हार्लनला एवढा निरोप द्या. त्या स्वयंपाकघरात तिसरी मी होते. तुझी बायको खरं बोलली.