भोंग्याच्या गळ्यातले तांदूळ

मित्रांनो, मुखरूला सांगितलेलं ऐकायची सवयच नव्हती. आणि नेमका तोच माणूस माझा रखवालदार झाला! मी एक पत्र्याचा भोंगा. आज सुगंधाबाईच्या माळ्यावर जाळी पांघरून पडलोय, पण एके काळी माझा आवाज दोन गावांच्या शिवेपलीकडे जात असे.

मुंबईच्या कारखान्यात मला घडवलं आणि सुगंधाबाईनं मला नागपुराहून आणलं. तेव्हा सिंदेवाहीच्या आसपास असा भोंगा कुणी पाहिलाच नव्हता. माणसं माझ्या तोंडात डोकावून विचारत, "आत कोन बसला हाय गा?" माझ्यासोबत आवाज मोठा करणारी एक जड पेटी होती. तिच्या पोटात काचेचे दिवे लाल होत. एक बॅटरी होती, ती मूल गावच्या धानगिरणीवर भरून आणत. आणि बोलायला माईक.

लग्न असो की मंडईची जत्रा, बाईचा दीर मुखरू पेटी-बॅटरी बैलबंडीत घालून निघे. मी मात्र बंडीत बसत नसे. रानातल्या वाटेच्या हादऱ्यांनी मी चेपलो असतो. म्हणून बाईकडे कामाला असलेली सोमारी मला चुंबळीवर घेऊन चाले. तिच्या डोक्याइतकी भरवशाची जागा मला पुन्हा मिळाली नाही.

दिवाळीनंतरची पहिली मंडई होती. हंगामातली पहिली खेप म्हणून मुखरूनं अंगणात माझी पूजा मांडली. बाई दरवर्षी बजावायची, "टिळा बाहेरून लाव. तो भोंगा हाय, कलश नोहे." पण ऐकेल तो मुखरू कसला! बाई आत गेली तसं त्यानं मला तोंड वर करून उभं केलं. ओल्या कुंकवात कालवलेले नव्या धानाचे तांदूळ मूठभर माझ्या तोंडात ओतले, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. फूल वाटेत पडलं. तांदूळ ओले, ते माझ्या गळ्यात चिकटून बसले.

मंडईत मला डोक्याइतक्या उंच बांबूवर चढवलं आणि दुपारी दंडारीचं नाचगाणं सुरू झालं. नाचणारे सजले, ढोलकी घुमली, लटारू माईकपुढे गाऊ लागला. आणि माझ्यातून निघाली नुसती खरखर! जणू म्हातारा खोकतोय.

"का गा मुखरू," लटारू म्हणाला, "भोंग्याले पडसं झालं का?"

लोक खदखदून हसले. मुखरूचा चेहरा उतरला. त्यानं पेटीला दोन थापा मारल्या. आवाज वाढवायची कळ शेवटपर्यंत पिळली. खरखर वाढली. तारा ओढून पुन्हा खोचल्या. मग माईक उचलून माझ्या तोंडासमोरच नेला, तशी माझ्यातून अशी शिट्टी सुटली की दुकानांपुढचे बैल बुजले.

लोकांचं हसू थांबेना, तेव्हा मुखरू सोमारीकडे वळला.

"हिनंच पाडला! नाल्यात पाय घसरला असंल हिचा!"

"नाई वो भाऊ, मी नाई पाडला."

"मंग आपोआप बिघडला का? चाल, नीघ मंडईतून! उद्यापासून कामाले येऊ नको."

कुणी म्हणालं, "पाडला असंल बापा." गर्दीला तेवढंच पुरलं. सोमारीनं चुंबळ हातात घेतली आणि ती नुसती पिळत उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं, पण खाली पडू दिलं नाही.

मित्रांनो, त्या वेळी मला काय वाटलं असेल! गावभर बोलणारा मी, पण माझा स्वतःचा एक शब्दही नाही. नाला ओलांडताना ती घोटाभर पाण्यात पाय चाचपत, दोन्ही हातांनी मला धरून चालली होती. हे मला ठाऊक होतं, आणि मी खरखरत होतो.

सुगंधाबाई बायकांमधून उठून आली.

"थांब वो सोमारी. कुठीच जाऊ नको." मग मुखरूला म्हणाली, "अन् तू हात बाजूले कर. चुलीतून धूर आला त काय चुलीलेच बडवते?"

तिनं विळ्याच्या टोकानं बॅटरीवरची पांढरी बुरशी खरडली, तारा घट्ट केल्या. पेटीत वाकून पाहिलं. दिवे लाल होते. मग माईक माझ्या पाठीमागे, दूर नेऊन ठेवायला लावला. शिट्टी थांबली, खरखर राहिली. तिनं लटारूला एक ओळ म्हणायला लावली आणि माझ्या तोंडाशी कान आणला.

"पेटी बोलून राह्यली," ती म्हणाली. "याच्या गळ्यात काहीतरी हाय. फुंकनीत राख अडकली त फुंक कशी जाईन?"

तिनं मला खाली उतरवून घेतलं, मागचे आटे सोडवले, एक सूप मागवलं आणि काडीनं माझा गळा उकरला. सुपात तांदूळ पडले. लालभडक, कुंकवाचे.

पूजा कुणी केली, हे विचारायची गरजच नव्हती. सकाळपासून मुखरूच सगळ्यांना सांगत फिरत होता.

"वहिनी," तो पुटपुटला, "म्या त देवाचं मनून..."

बाईनं मला पुसून पुन्हा जोडलं, बांबूवर चढवलं.

मित्रांनो, बिघडलेल्या वस्तूला थापा मारू नका, तिचा गळा तपासा. आणि दोष कुणाच्या डोक्यावर ठेवण्याआधी आपले हात बघा, त्यांना कुंकू लागलेलं असतं. पुढे नवे भोंगे आले आणि मी माळ्यावर गेलो. पण त्या दुपारी मी जे बोललो, तेवढ्यामुळे माझा जन्म वाया गेला नाही असं मला वाटतं.

कारण बाईनं सोमारीला जवळ उभं केलं, माईक हातात घेतला आणि तिचे शब्द माझ्या मोकळ्या गळ्यातून अख्ख्या मंडईवर गेले:

"मुखरू, आजपासून भोंगा सोमारीच्या ताब्यात. तू बंडी हाक. आळ चारचौघांत घेतला, आता 'चुकलो' बी चारचौघांतच मन. ये, धर माईक. लाज वाटत असंल त हळूच बोल, बापा. मोठ्यानं सांगाले हा हाय."