बिनधुराचा ड्रम

हरीओमला जो ड्रम आवडला त्याचं झाकण घट्ट बसत होतं. मला भीती वाटली ती त्या झाकणाचीच.

रिसोडला अमरसिंगच्या वेल्डिंगच्या दुकानापुढे बार्बेक्यूचे दोन ड्रम तयार होते. एक आडवा. लांबीत मधोमध कापून दोन भाग केलेला, अँगलच्या चार पायांवर बसवलेला. वरचा भाग बिजागरीवर उघडायचा, आणि बंद केला तरी एका बाजूला बोट जाईल एवढी फट राहायची. दुसरा उभा. त्याचं काम सफाईचं होतं. खाली हवेसाठी झडप, झाकणात दुसरी झडप, आत कोंबडी टांगायला सळ्या, बाहेरून काळा रंग, आणि बुडाला चाकं.

"हा आडवा म्हंजे गरिबाचा," अमरसिंग म्हणाला. "कोंबडी भाजते अन् संगं भाजनाराबी भाजते. हा उभा पाहा भाऊ. कोळसा फुलला का झाकण लावायचं, झडप अर्धी ठेवायची अन् खुर्ची टाकून बसायचं."

"धूर अजिबात नाई?" हरीओमने विचारलं. हे त्याने आल्या आल्याही विचारलं होतं.

"ओलं लाकूड टाकाल तर येईन. कोळशाचा नाई. पानी आलं तर ढकलत शेडमध्ये घ्या. चाकं कायले लावले मंग?"

मी विचारलं, या ड्रममध्ये आधी काय होतं.

"आंब्याचा रस, ताई. फवाऱ्याच्या औषधाचा ड्रम मी दुकानात घेत नाई. मलेबी लेकरंबाळं हायेत."

"आपण आडवा घेऊ," मी हरीओमला म्हटलं.

"तो धूर सोडते."

"सोडू दे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला काहीतरी लागट बोलले होते. ते का, हे मला तेव्हा कळलं नाही. आणि माझं कारण परक्या माणसापुढे मला सांगता आलं नाही. अमरसिंग हसला. "बहीनभावाचं जमत नाई तर दोन्ही न्या. रविवारी पेटवा. जो पटंल तो ठेवा, दुसरा आनून द्या. रोज भांडन करून माह्या दुकानात येऊ नका फक्त."

बाबा गेले त्याला नुकतंच वर्ष झालं होतं. रात्रपाळीची वीज असली की ते मोटरच्या खोलीत झोपायला जात. त्या रात्री थंडी फार होती. त्यांनी घमेल्यात बाभळीचा कोळसा पेटवला आणि सगळा धूर निघून जाईपर्यंत तो बाहेरच ठेवला. हे आम्हाला माहीत आहे, कारण शेजारच्या शेतातल्या रामकिसनकाकांनी बांधावरून विचारलं होतं, दौलतराव, आत काहून नाई घेत? बाबा म्हणाले होते, धूर जाऊ दे, मंग घेतो. मग त्यांनी निखारे आत घेतले, दार लावलं, आणि दाराखालून वारा येतो म्हणून तिथे गोणपाट दाबून बसवलं. सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा ते कुशीवर निजलेले होते. गालांवर लाली होती. बाया म्हणाल्या, झोपेत गेले, सुखाचं मरण.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. जळत्या कोळशातून एक वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. त्याने खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. बंद खोलीत माणसाला फक्त डोकं जड वाटतं आणि झोप येते.

मी वाशीमला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. नंतर मी या वायूबद्दल मिळेल ते वाचलं. वाचल्याने भीती कमी होते असा माझा समज होता. झालं उलटंच, आता ती भीती नेमकी झाली. कुणाच्या घरी शेगडी दिसली की मी आधी खिडकी शोधते. हरीओमला आणि आईला मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं, कोळशाच्या गॅसने बाबा गेले. दोघांनी मान हलवली होती. आई भेटायला येणाऱ्यांना सांगायची, धुरानं गेले. त्या दिवसांत कुणी कुणाचे शब्द तपासत नव्हतं.

रविवारी छोटा हत्ती टेम्पोतून दोन्ही ड्रम घरी आले. आमचं घर रिठदच्या बाहेर, शेतातच आहे. मागे परस, पलीकडे भाजीचे वाफे. पालक, मेथी, सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. एका कडेला जुड्या बांधायचं पत्र्याचं शेड, यंदाच टाकलेलं. थंडीत हुरडा खायला येणाऱ्या लोकांना ड्रममधलं चिकन आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत खाऊ घालायचं, असा हरीओमचा बेत होता. वर्षश्राद्ध होईपर्यंत तो थांबला होता. आता आधी घरच्यांवर प्रयोग.

उभ्या ड्रमला तो फडक्याने पुसत होता. त्याची बायको निकिता मसाला लावता लावता म्हणाली, "पाहा ताई. एवढ्या मायेनं कधी माह्या कपाळाले हात नाई लावला. चहा मांडा म्हटलं तर यांले लायटर सापडत नाई."

"तुले झडप नाई ना," हरीओम म्हणाला. "असती तर अर्धी बंद ठेवली असती."

आई हसली. वर्षभरात ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. तरी माझं लक्ष उभ्या ड्रमच्या झाकणावरच होतं.

दोन्ही ड्रम पेटले. आडव्याच्या फटीतून धूर येत होता आणि वारं फिरेल तसा आमच्या अंगावर फिरत होता. आईने पदराने डोळे पुसले. "हे मेलं आंधळी करते मले," ती म्हणाली आणि खुर्ची उचलून उभ्या ड्रमपाशी गेली. त्याच्या झाकणावर हवा नुसती थरथरत होती. बाकी काही दिसत नव्हतं.

"शेडच्या जवळ नको ठेवू तो," मी हरीओमला म्हटलं.

"पत्रा हाय ताई. जळत नाई."

दुपार कलली तसं आभाळ भरून आलं आणि बोचरं वारं सुटलं. जानेवारीत असं एखाद्या दिवशी होतं. निकिताला भरतासाठी लसणाची पात हवी होती. वाफा लांब होता, म्हणून मीही तिच्याबरोबर गेले. आम्ही पात उपटत असताना भुरभुर सुरू झाली. पावसात उभं राहून निकिताने सगळी मुळं झटकून साफ केली, आणि मग परत फिरताना मला परस दिसला.

आडवा ड्रम पावसात चरचरत उभा होता, पहिल्यापेक्षा जास्त धूर सोडत. उभा जागेवर नव्हता. ओल्या मातीत चाकांच्या दोन रेघा शेडकडे गेल्या होत्या. शेडचं दार बंद होतं.

मी धावले. दार ढकललं तर ते खालून अडत होतं. जोर लावला तेव्हा उघडलं, आणि पायाशी काय अडत होतं ते दिसलं. गोणपाट. घडी घालून, फटीत नीट दाबून बसवलेलं.

आत ऊब होती. हवा स्वच्छ होती. हळदीचा आणि भाजल्या कोंबडीचा चांगला वास येत होता. हरीओम ड्रमपाशी होता. आई बाजेवर शाल पांघरून बसली होती.

"ये ताई. दार लाव, वारं येते," हरीओम म्हणाला.

आईने जांभई दिली. "झोप येऊन राह्यली मले. डोकंबी दगड झालं. श्राद्धाची दगदग, दुसरं काय."

मी तिचा दंड धरला. "आई, बाहेर चल."

"पान्यात? येडी झाली का तू?"

"चल."

ती उठली आणि दोन पावलांवर तिचे गुडघे वाकले. निकिताने दुसरी बाजू धरली. आमच्या मागून हरीओम विचारत होता, "काय झालं? ताई, काय झालं? पाह्य ना इकडं. धूर कुठं हाय?"

"बाबाच्या खोलीतबी नव्हता," मी म्हटलं.

तो ड्रमपाशीच उभा होता आणि मला तो तिथून हलायला हवा होता.

"तू बी बाहेर ये. आधी बाहेर ये."

"तू गॅस म्हनली होती," तो म्हणाला.

"हो."

"मले वाटलं धुराचाच. धूर कोंडला अन् बाबा..." तो दारात आला. पायाखालचं गोणपाट त्याने पाहिलं, जणू ते तिथे दुसऱ्याच कुणी ठेवलं होतं. वाकून उचललं आणि पावसात लांब फेकून दिलं. "मी वर्षभर बिनधुराचं पाहून राह्यलो, ताई. आईले धूर लागू नये म्हनून."

घरामागच्या उघड्या ओट्यावर आईला बसवलं, तोच तिला उलटी झाली. नंतर ती खांबाला टेकली आणि तिचे डोळे मिटायला लागले. चेहऱ्यावर रंग चांगला होता. बाबांच्या गालांवरही तशीच लाली होती.

"आई, वाफ्यात यंदा काय काय लावलं?"

"दिसत नाई का तुले?"

"तू सांग."

"पालक." तिने श्वास घेतला. "सांबार. मेथी." ती थांबली.

"मेथीनंतर काय?"

ती बोलली नाही. हरीओम गाडी काढत होता, आणि ती पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही. निकिताने आईचे तळहात चोळायला सुरुवात केली होती. मी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारताना मला माझाच आवाज लांबून येतोय असं वाटलं.

"मेथीनंतर काय, आई?"

तिने एक डोळा उघडला. "लसून. हातात धरून उभी हाय अन् मलेच इचारते."

खरंच, पात माझ्या मुठीत तशीच होती.

रिसोडपर्यंत मी गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवल्या. आई थंडीने कुरकुरत होती, आणि तिची कुरकुर थांबली की मी काहीतरी विचारून ती पुन्हा सुरू करत होते. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी हरीओमकडे पाहून विचारलं, तुमचं डोकं दुखतंय का. तो नाही म्हणाला. मग खुर्चीवर बसला आणि म्हणाला, दुखते, दुपारपासून. त्यालाही शेजारच्या खाटेवर झोपवलं. दोघांच्या तोंडावर मास्क होते. मी त्यांच्यामध्ये उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे छाती वर-खाली होताना पाहत होते. बाबांच्या वेळी असं उभं राहायला मिळालं नव्हतं.

दोघं घरी आले. दुसऱ्या दिवशी हरीओमने परसाच्या टोकाला, शेडपासून लांब, उघड्यावर चार खड्डे खणले आणि आडव्या ड्रमचे पाय सिमेंटमध्ये पक्के केले. सिमेंट वाळेपर्यंत तो तिथेच उकिडवा बसून होता. "आता याले कोनी आत नेऊ शकत नाई," तो म्हणाला. "मीबी नाई." त्यानंतर आम्ही उभा ड्रम परत द्यायला रिसोडला गेलो.

अमरसिंगने सगळं ऐकलं. ऐकताना त्याचा हात ड्रमच्या झाकणावर होता. तो त्याने हळूच काढून घेतला.

"मी तर शेडमध्ये चालते म्हनूनच इकतो," तो म्हणाला.

"आता तसं सांगू नका."

"नाई सांगत." तो हरीओमकडे न पाहता म्हणाला, "हा मी आता कापतो. आडवा करतो. पन ताई, असाच एक मागच्या हप्त्यात आसेगावले गेला. मारोतराव म्हनून हायेत. चिकन तर चिकन, म्हने, रात्री म्हाताऱ्या बापाच्या खोलीत शेकायलेबी होईन. मी म्हटलं, होईन ना." त्याने मोबाईल काढून नंबर शोधला. "तुमीच बोला. मी सांगितलं तर त्याले वाटंन मले ड्रम वापस पाहिजे."

दुकानाबाहेर उभी राहून मी फोन लावला. कुणी उचलला नाही. वाटेत पुन्हा लावला. घरी पोहोचेपर्यंत लावत राहिले. नुसती घंटी वाजायची. आसेगावातली एक खोली मला दिसत होती, जी मी कधी पाहिली नाही. तिच्या दाराखाली फट होती आणि फटीत काहीतरी दाबलेलं होतं. हरीओम गाडी चालवता चालवता म्हणाला, "वावरात असंन तो. लोक वावरात फोन नेत नाईत." थोड्या वेळाने म्हणाला, "लाव अजून एकदा."

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने परसातला ड्रम पेटवला, आईला वांगी भाजून हवी होती म्हणून. धूर सरळ घराकडे आला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून फोन लावला, आणि या वेळी उचलला गेला.

"कोन?"

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, अमरसिंगचा ड्रम म्हटलं. विचारलं, वडील बरे आहेत ना.

"बरे हायेत. बाजेवर बसून बिडी फुकून राह्यले. काहून?"

मग मी सांगितलं. ड्रम खोलीत नेऊ नका. निखारे फुललेले असले तरी नाही. झडप उघडी ठेवून नाही, थोडा वेळ नाही. माझे वडील असेच गेले, आणि रविवारी आई जाता जाता राहिली. मारोतरावांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"ऐकलं मी," ते म्हणाले. आवाज समजूतदार होता, दुखवट्याला आलेल्या माणसासारखा. "पन ताई, याले तर धूर येतच नाई ना?"

परसात आई खोकत होती, आणि खोकता खोकता ड्रमला, हरीओमला आणि वाऱ्याला नावं ठेवत होती. मी खिडकी सताड उघडली. तो खोकला नीट ऐकू येईल अशी उभी राहिले आणि मारोतरावांना पहिल्यापासून सांगायला लागले.