नव्या गाडीची ओढ

शरदाचे ऊन मिठागरांवर उतरले होते. पांढऱ्या, पातळ, निःशब्द पाण्यावर उतरले होते. खाडीच्या कडेने तिवरांची हिरवी रेघ, तिच्यावर रुळांची रुपेरी रेघ, आणि रुळांवर उभी ती नवी गाडी: नितळ, निश्चल, जणू भरतीने आत्ताच काठावर ठेवलेला शिंपला.

काचेमागे वत्सला तांडेल बसली होती. शहराच्या जुन्या गाड्या चालवण्यात तिचे अर्धे आयुष्य गेले होते. त्या गाड्या आता एकेक करून निवृत्त होत होत्या, आणि पहिली नवी गाडी प्रवाशांपुढे न्यायचा मान वत्सलाला हवा होता. तो तिने उघडपणे मागून घेतला होता.

आज चाचणी होती. रिकाम्या फलाटाच्या टोकाला एक पिवळी खूण होती. तिच्यापाशी थांबायचे, एवढेच. पण सकाळपासून दोनदा गाडी खुणेच्या अलीकडेच थांबली, आणि शेवटचा डबा फलाटाबाहेर उघड्यावर राहिला. आता एक फेरी उरली होती. तीही चुकली, तर तो मान दुसऱ्याकडे जाणार होता.

फलाटावरून तिचा बरोबरीचा मोटरमन डिमेलो म्हणाला, "काय तांडेलबाई, मागच्या डब्यातल्यांना शिडी देणार की होडी?"

"पहिला तुलाच बसवते होडीत," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

तिच्या हाताला ओढ ठाऊक होती. कारशेडमधला हा रोजचा शब्द. ब्रेक लावल्यावरही जुनी गाडी पुढे सरकत राही, ती तिची ओढ. एकीची ओढ गोठ्याकडे निघालेल्या बैलासारखी, अनावर. दुसरीची माहेराहून निघालेल्या लेकीसारखी, थबकत थबकत. चाकांवर लोखंड घासे, ठिणग्यांची फुले उडत, तापलेल्या धातूचा वास खिडकीशी येई. त्या वासातून, त्या थरथरीतून वत्सलाचा हात शिकला होता: खूण दिसायच्या आधी थांबायला लाग.

नव्या गाडीत तो वास नव्हता, ती थरथर नव्हती; ब्रेक लागताच ती थांबू लागे. हात मात्र जुनाच होता.

शेजारी उभे असलेले निरीक्षक सबनीस हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही हिला थांबवतच नाही. तुम्ही अजून त्या जुन्या गाडीला थांबवताय."

ते खरे होते, म्हणून लागले.

गाडी मागे घेतली, आणि शेवटच्या फेरीला ती निघाली. आवाजाविना निघाली, जसे ऊन एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. तिवरे मागे गेली, सिग्नलचा खांब मागे गेला, आणि ती जागा आली जिथे हात आपोआप ब्रेककडे वळे. हाताने मागितले. वत्सलाने दिले नाही. फलाटाची कड आली; हात पुन्हा मागू लागला. तिने श्वास धरला, बोटे धरली, आयुष्यभराची सवय धरली. मग पिवळा रंग नजरेत भरला, आणि तिने ब्रेकचा दांडा ओढला.

तिच्या समोरच्या छोट्या पडद्यावर एक हिरवी पट्टी उमलत उमलत वर गेली. काठोकाठ भरलेली घागर कडेवरून उतरवावी, थेंबही सांडू नये, तशी गाडी थांबली.

डिमेलो खाली वाकला. खूण पाहिली, चाक पाहिले, पुन्हा खूण पाहिली. "चहा माझ्याकडून," तो म्हणाला.

"पहिली गाडी तुमची," सबनीस म्हणाले.

वत्सलाने मान डोलावली. तिची नजर अजून पडद्यावर होती. "ती हिरवी पट्टी कसली, साहेब?"

"तुमचा वेग. जुनीची ओढ चाकांत जळून जायची. हिची वीज होते, वर तारेत जाते. जवळपासची एखादी गाडी ती घेते."

"कुठली?"

सबनीसांनी बोट केले. पलीकडच्या रुळावर एक जुनी गाडी, रंग विटलेली, पत्रा पिचलेली, याच क्षणी हलली होती. कारशेडमधून निघून ती खाडीपुलाच्या चढाला लागली होती. हा तिचा शेवटचा प्रवास.

वत्सला ताठ बसली. जिने तिला थांबणे शिकवले, ती आज तिच्या थांबण्याच्या बळावर निघाली होती. फिकट डबे एकामागून एक पूल चढत गेले, चढत गेले. आणि वर, निळ्या आभाळाखाली, तांब्याची तार उजळत राहिली, थरथरत राहिली, देत राहिली.