एका दिवसाचं नाव

"मास्तर, आमच्या ह्यांचं नाव नाही लागलं अजून."

सफाईवाल्या मावशी ओलं फडकं हातात घेऊन फुलीमास्तरांच्या टेबलाशी उभ्या होत्या. कार्यालय भरायला अजून अर्धा तास होता. फाटकावरचा पहारेकरी म्हणजे मावशींचा नवरा. त्याला जाऊन आज पाच दिवस झाले होते.

"लागेल की," मास्तर मान वर न करता म्हणाले. "यादीत टाकलंय मी."

"रोज बघते मी. रोज बाईंचंच असतं."

बाई म्हणजे मास्तरांची बायको. मास्तरांनी आता मान वर केली.

फुलीमास्तर हे नाव त्यांना पाणीपुरवठा कार्यालयाने दिलेलं. संगणक विभागातल्या या माणसाने तरुणपणी एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, प्रोग्रामची. तिला साधं नाव द्यावं आणि तिने फुल्या, रेघा, कंस रचून त्याची स्क्रीनभर मोठी अक्षरं करून द्यावीत. एकेक अक्षर मास्तरांनी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढलं होतं, आणि त्याच खोलीत नोंदी टाइप करणाऱ्या बायकोने ते लांब उभं राहून नापास केलं होतं. "हे अक्षर आहे की मोडकी शिडी?" असं ती विचारायची आणि मास्तर निमूटपणे खोडरबर घ्यायचे.

पुढे कार्यालयात रीतच पडली. कुणी निवृत्त झालं किंवा वारलं, की एक दिवस त्याचं नाव सगळ्यांच्या स्क्रीनवर. साहेब असो की शिपाई, अक्षरांची उंची तेवढीच. दुसऱ्या सकाळी नाव आपोआप पुसलं जायचं आणि यादीत पुढचं असलंच तर ते यायचं. त्यासाठी लायब्ररीत एक ओळ होती. "एका वेळी एकच नाव हं, नाहीतर बाजार भरेल," हा हुकूमही बायकोचाच.

एकोणीस दिवसांपूर्वी ती गेली. तिचं नाव मास्तरांनी स्वतः टाइप केलं, आणि संध्याकाळी ती पुसणारी ओळ बंद करून ठेवली. एकच दिवस, असं मनाशी म्हणाले; मग आणखी एक. घर तर खायला उठत होतं. इथे निदान सकाळी चाळीस स्क्रीन उजळायचे आणि चाळीस ठिकाणी ती असायची. सहकाऱ्यांना सगळं कळत होतं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. दुःखात माणूस आपमतलबी होतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. पहारेकऱ्याचं नाव तिच्यामागे खोळंबून राहणार, हे ज्याने यादी बांधली त्याच्याच डोक्यात आलं नाही.

"मावशी, चूक माझी आहे," ते म्हणाले.

"चूक कसली त्यात? बाई चांगल्या होत्या. राहू द्या हवं तर." मावशी फडक्याची घडी करू लागल्या. "पण हे तीस वर्षं फाटकावर उभे राहिले, आणि सगळे हाक मारायचे ती 'ए फाटक' म्हणून. म्हटलं, एक दिवस तरी नावाने..."



मास्तरांनी फाइल उघडली. ओळ पुन्हा चालू करायला तिच्यापुढची एक खूण खोडायची होती, एवढंच काम. त्यांनी बोट कळीवर ठेवलं. डोळे भरून आले, ते त्यांनी मावशींपासून लपवलं नाही. मग खूण खोडली.

बायकोचं नाव वरून खाली ओळीओळीने पुसत गेलं. त्याच जागी फुलीला फुली लागत पहारेकऱ्याचं अख्खं नाव उभं राहिलं, त्याच्या वडिलांच्या नावासकट.

मावशी ओठ हलवत वाचत होत्या. "केवढं मोठं आहे हो!" त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत राहील ना?"

"उद्या सकाळपर्यंत."

"मग जरा बसून बघू का? पाय भरून आलेत."

जवळ होती ती खुर्ची बायकोची. एकोणीस दिवसांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं; पाठीवर तिची शाल तशीच होती. मास्तर उठले. शाल काढून त्यांनी आपल्या हातावर घेतली आणि खुर्ची मावशींसाठी पुढे ओढली.